साडेसात घोड्यांची गाडी

छावणीच्या बाजारात, भाजीच्या ओट्यांमागच्या गल्लीत पुंडलिक फौजीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणायचं ते पुंडलिकच्या समाधानासाठी. खरं तर तो पत्र्याचा एक आडोसा आहे. त्यात फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, लहान जनरेटर आणि कुणाला फेकून देववत नाहीत अशा जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर अंगाला अंग लावून उभ्या असतात. नव्या गाड्या या गल्लीकडे वळत नाहीत आणि पुंडलिकला त्याचं दुःखही नाही. ज्या इंजिनाचं दुखणं कॉम्प्युटर लावून विचारावं लागतं, ते कसलं इंजिन, असं त्याचं मत.

उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं अशा या शहरात लोक त्याला ‘बर्फवाला फौजी’ म्हणतात. पुंडलिकने लष्करात मेकॅनिक म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी लडाखात, बर्फावर पळणाऱ्या स्कूटर दुरुस्त करण्यात गेली. पुढे चाकाऐवजी दोन फळ्या, मागे रबरी पट्टा आणि मध्ये टू-स्ट्रोक इंजिन, अशी ती स्कूटर. चहाच्या टपरीवर त्याने तिचं वर्णन इतक्यांदा केलं आहे, की आता टपरीवाल्यालाही ती खोलून जोडता यावी. तिथल्या विरळ हवेत इंजिनाचा दम निम्म्यावर येतो. वरच्या चौकीला रॉकेल तर पोचवावंच लागतं. ओझं कमी करा म्हणायची सोय नाही. मग करायचं काय, तर इंजिन पिळायचं. पेट्रोल सोडणारं जेट बदल, सायलेन्सर साफ कर, सिलिंडरचं हेड घास; अर्ध्या घोड्याची ताकद इथून काढ, पाव घोडा तिथून काढ. लहान इंजिनाकडून मोठं काम करून घेणं ही त्याची विद्या. आणि माणसाला एकच विद्या फार चांगली येत असली, की ती जिथे तिथे लावून बघायचा मोह त्याला आवरत नाही.

पुंडलिकचं गाव शहराला लागूनच्या सातारा डोंगराच्या पलीकडे. चितेगावला रस्ता सोडून आत गेलं की मेंढपाळांची एक वस्ती लागते, तिथला तो. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. पोरवयात त्याला मेंढरांमागे चालायचा असा काही वीट आला, की मिसरूड फुटताच तो भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याची थोरली बहीण चतुराबाई मात्र वस्तीतच राहिली, वस्तीतच नांदली. नवरा गेल्यावर तिने कळप सोडला नाही, कळपावरच मुलगा शिकवला. तो मुलगा, विश्वजीत, आता वाळूजला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे आणि तिथेच दोन खोल्यांच्या घरात राहतो.

यंदा भाऊबीजेला पुंडलिक बायकोला, संध्याला घेऊन वस्तीवर गेला, तेव्हा चतुराबाई लंगडत ताट घेऊन आली. कपाळ खरचटलेलं होतं. विचारल्यावर उत्तर विश्वजीतनेच दिलं.

हे दिवस मेंढ्या विण्याचे. चार दिवसांच्या कोकराला डोंगर चढवत नाही, आणि कोकरू घरी ठेवलं तर आईचं चरण्यात लक्ष लागत नाही; ती दर दहा पावलांवर वळून ओरडत राहते. म्हणून सकाळी कोकरांनाही पठारावर न्यावं लागतं. इतकी वर्षं हे काम घोडा करायचा. पाठीवर दोन्ही बाजूंना जाळ्या, जाळ्यांतून बाहेर डोकावणारी कोकरं, असा तो घोडा खिंडीतून डुलत वर जायचा. पावसाळ्यात घोडा म्हातारपणाने गेला आणि चतुराबाई कोकरं छातीशी धरून चढायला लागली. गुडघे आधीच गेलेले. घोडचढ नावाच्या उभ्या टप्प्यावर ती पडली.

“मामा, पडली ती दोन कोकरं धरून पडली,” विश्वजीत म्हणाला. “हात सोडून सावरायचं बी हिला सुचलं नाय. मला आता रातपाळी करून घरी आलो तरी झोप लागंना.”

त्याने एका व्यापाऱ्याशी बोलणी केली होती. कळप विकायचा आणि आईला वाळूजला न्यायचं. तो वाईट मुलगा नव्हता. आईच्या खरचटलेल्या कपाळाकडे बघून कुठलाही शहाणा मुलगा हेच म्हणाला असता. चतुराबाईनेही मान डोलावली होती. पण ती ताटातला दिवा सारखा करत राहिली आणि तिने वर बघितलंच नाही. दोन खोल्यांत बसून ही बाई भिंतीकडे बघत बघत संपून जाईल, हे पुंडलिकला स्पष्ट दिसलं. आपण लडाखात असताना आई-बापाचं दुखणंखुपणं याच बाईने काढलं, हेही आठवलं. आणि ओवाळणीचं पाकीट खिशातच ठेवून तो म्हणाला, “आक्का, घोड्याच्या जागी मी तुला गाडी करून देतो.”

संध्याने डोळे मोठे केले. नवऱ्याच्या अशा घोषणांची किंमत घरखर्चातून जाते हा तिचा अनुभव होता. तिने परतीच्या वाटेवरच सांगून टाकलं, की पेन्शनला हात लावायचा नाही. जे करायचं ते भंगारातून करा.

विश्वजीतने व्यापाऱ्याला चंपाषष्ठीपर्यंत थोपवून धरलं. ठरलं ते साधं होतं. भरल्या ओझ्यानिशी गाडी घोडचढ चढली तर कळप राहील. नाही चढली तर षष्ठीला देवाला नैवेद्य दाखवायचा आणि मेंढरं व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढवायची.

पुंडलिकने भंगारवाल्याकडून एक टू-स्ट्रोक ऑटोरिक्षा आणली. तिचं छप्पर गेलेलं, सीट उंदरांनी खाल्लेली, पण इंजिन हाताने फिरत होतं. मागचा पत्रा कापून तिथे त्याने लाकडी फळ्यांचा उघडा डबा बसवला, तळाला गोणपाट अंथरलं. योजना अशी होती, की तो स्वतः रोज सकाळी छावणीहून येईल आणि गाडी चालवेल, चतुराबाई मागे कोकरांत बसेल, आणि कोकरांच्या आवाजामागे मेंढ्या आपोआप येतील, शेवटी कुत्रा.

पहिल्या दिवशी गाडी घोडचढाच्या पायथ्यापर्यंत ऐटीत गेली. मग चढ लागला. इंजिनाने जो रडका सूर लावला तो ऐकून वस्तीवरची माणसं भाकरी हातात घेऊन बाहेर आली. अर्ध्यावर गाडी थांबली, धुराचा एक ढग सोडला आणि मागे सरकायला लागली. चतुराबाईने खाली उतरून चाकाला दगड लावला.

“यात घोडे किती म्हणलास?” तिने विचारलं.

“साडेसात.”

“माझा एक घोडा हे चढून जायचा,” चतुराबाई म्हणाली. “तुझ्या साडेसातांना काय झालं?”

ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. म्हणूनच ते पुंडलिकला जास्त लागलं. त्याने गाडी परत छावणीत आणली आणि दुसऱ्या दिवसापासून तो गॅरेजमध्ये दुसऱ्या कुणाच्या कामाला हात लावेनासा झाला.

आधी त्याने सायलेन्सर उतरवला आणि विटांच्या चुलीवर ठेवून जाळला. आतली वर्षानुवर्षांची काजळी पेटून उठली, गल्लीभर धूर झाला, भाजीवाल्यांनी शिव्या घातल्या. गल्लीतल्या एका हौशी माणसाने सल्ला दिला, की फौजी, सायलेन्सर बीचमें से काट डालो, आवाज बढ़ेगा तो ताकत बढ़ेगी. पुंडलिकने त्याला बाकावर बसवून समजावलं, की टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा अर्धं इंजिन असतो. तो बाहेर निघालेला ताजा पेट्रोलचा वाफारा पुन्हा आत ढकलतो. तो कापला की आवाज वाढतो आणि दम जातो. हौशी माणूस पटल्यासारखा दिसला नाही.

मग पुंडलिकने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून, नवा पिस्टन टाकला. आतल्या वाटा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. कार्बोरेटरला जेट बदलून बघितले, एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मागची चाकं काढून लहान चाकं बसवली. त्याने वेग गेला, पण ओढ वाढली. शेवटी ओळखीच्या लेथवाल्याकडून हेड घासून घेतलं, म्हणजे आत दाब वाढावा. हे सगळं त्याने जुन्या सामानातून आणि मैत्रीखात्यात केलं. कुणाचा जनरेटर फुकट दुरुस्त करून दिला, कुणाला स्कूटरचा आरसा दिला. संध्या म्हणायची, एवढी सेवा माझी केली असती तर मी उडाले असते.

मग त्याने कोकरांच्या अंदाजाने वाळूच्या गोण्या डब्यात रचल्या आणि डोंगराच्या अलीकडच्या अंगाला, एका देवळाकडे जाणाऱ्या उभ्या रस्त्यावर गाडी घातली. गाडी सुतासारखी वर गेली. पुंडलिकला इतका आनंद झाला, की त्याने तिथूनच विश्वजीतला फोन लावून व्यापाऱ्याला कळवून टाक म्हणून सांगितलं. विश्वजीत समजूतदार होता. तो म्हणाला, मामा, आधी घोडचढ.

घोडचढावर गाडी या वेळी शेवटच्या वळणापर्यंत गेली. तिथे इंजिन तापून ठोके द्यायला लागलं, आतून कुणी हातोडी मारावी तसं, आणि बंद पडलं. चतुराबाई पुन्हा उतरली, पुन्हा दगड लावला.

पुंडलिकने डब्याकडे पाहिलं. कोकरं एकमेकांच्या पाठीवर उभी होती. वाळूच्या गोण्यांपेक्षा हे ओझं जास्त आहे हे त्याला कळत होतं, पण किती जास्त ते कळल्याशिवाय पुढचा उपाय ठरवता येत नव्हता. म्हणून त्याने तो प्रश्न विचारला जो या घरात कुणी कधी विचारत नाही. “आक्का, कोकरं किती असतील गं?”

चतुराबाईने त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने देवाला शिवी दिली.

मेंढरं मोजायची नाहीत, हा या घराचा नियम. बोट दाखवायचं नाही, आकडा तोंडातून काढायचा नाही. मोजलं की कळपाला दृष्ट लागते. संध्याकाळी चतुराबाई मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभी राहते आणि आत जाणाऱ्या एकेकीचं तोंड बघते. जी आली नाही ती तिला कळते. आकड्याची गरजच पडत नाही. आणि खरी गंमत अशी, की लष्करात नटबोल्टपासून माणसांपर्यंत रोज सगळं मोजून घेतलेल्या पुंडलिकलाही ती कोकरं मोजता येईनात. डब्याकडे बघून मनात ‘एक’ म्हणताच त्याची जीभ अडखळली. त्याने नजर वळवली आणि हळूच जमिनीला हात लावून नमस्कार केला.

शिवाय मेंढ्या रोज वीतच होत्या. तो छावणीत बसून ज्या अंदाजाने गोण्या रचत होता, ती मागच्या आठवड्याची कोकरं होती. इंजिनात अर्धा घोडा वाढेपर्यंत डब्यात अर्धा डझन जीव वाढलेले असत. त्याने आणखी पिळायचं म्हटलं तर हेड आधीच घासून घासून पातळ झालं होतं. उलट ते ठोके ऐकून त्याला हेडखाली एक जादा गॅस्केट, म्हणजे पातळ चकती, टाकून दाब थोडा कमी करावा लागला. कमावलेल्यातला पाव घोडा परत गेला. चंपाषष्ठी दारात आली होती. पुंडलिकला पहिल्यांदा वाटलं, की हे आपल्याच्याने होणार नाही, आणि त्या विचाराने त्याला जेवण जाईना. संध्या काळजीत पडली, कारण जेवण न जाणं ही गोष्ट पुंडलिकच्या बाबतीत याआधी घडलेली नव्हती.

उपाय त्याला सुचला तो पैठण रस्त्यावर, वस्तीवर ठेवलेल्या गाडीकडे मोटारसायकलने जाताना, ट्रकमागे अडकून उभा असताना. समोरचा ट्रक चितेगावच्या वजनकाट्यावर वळला. पुंडलिकने मोटारसायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिला.

“काटा किलो सांगतो, आक्का,” त्याने वस्तीवर जाऊन सांगितलं. “जीव किती ते त्याला कुठं कळतंय?”

चतुराबाईने यावर एक अख्खी भाकरी थापून होईपर्यंत विचार केला. यात मोजणं आहे, पण मेंढरं मोजणं नाही. शेवटी ती तयार झाली, मात्र डब्यावर काळी घोंगडी टाकूनच जायचं, कुणाची नजर आत जाता कामा नये, या अटीवर.

अशी ती स्वारी चितेगावला निघाली. पुढे पुंडलिक, मागे घोंगडीचं एक टोक घट्ट धरून बसलेली चतुराबाई, आणि घोंगडीखालून येणारं बें-बें. काट्यावर लोखंडी सळ्यांच्या ट्रकांची रांग होती. ड्रायव्हर लोकांनी या गाडीला हसत हसत पुढे जागा दिली. काटा चालवणारा रामहरी हा पुंडलिकचा जुना ओळखीचा. त्याने खिडकीतून घोंगडीकडे बघितलं, चतुराबाईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आत काय आहे ते विचारलं नाही. लाल आकडे लुकलुकले आणि स्थिर झाले. पुंडलिकने ते बघून हाय खाल्ली. एवढं ओझं त्याच्या इंजिनाला त्या चढावर ओढवणं शक्यच नव्हतं. पावती घ्यायला म्हणून तो जड मनाने गाडीवरून उतरला आणि खिडकीकडे गेला.

“फौजी, काय पाडलं खाली?” रामहरीने विचारलं. “आकडा पडला की.”

पुंडलिकने मागे बघितलं. काहीच पडलेलं नव्हतं. तो परत जाऊन गाडीत बसला. रामहरी म्हणाला, चढला. पुंडलिक उतरला. रामहरी म्हणाला, पडला. पुंडलिकला हे तंत्र अजून उमगत नव्हतं, तोवर मागे ड्रायव्हर लोकांत खसखस पिकली होती. घोंगडी धरून बसलेल्या चतुराबाईचे खांदे हलायला लागले. भाऊबीजेपासून ती हसली नव्हती. आता तिला ते आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं तरी आवरेना.

“अरं पुंड्या,” ती म्हणाली, “यात सगळ्यात मोठा मेंढा तूच हायेस की.”

पुंडलिक खरोखरच चांगला भरलेला होता. लष्करातून आल्यावर कवायत सुटली, संध्याच्या हातचं जेवण सुरू झालं, आणि दोन सिमेंटच्या गोण्यांच्या तोडीचा माणूस तयार झाला. महिनाभर रक्त आटवून त्याने इंजिनातून जेवढी ताकद काढली होती, त्याच्या कितीतरी पट तो स्वतः सीटवर बसून खात होता. ओझं कमी करता येतं हा विचारच त्याला शिवला नव्हता. चौकीवर रॉकेल नेणाऱ्याला तो विचार करायची मुभा नसते, आणि ती सवय हाडात मुरलेली. त्याचे कान लाल झाले. पण मेकॅनिक तो मेकॅनिक. लाज वाटत असतानाच त्याचं डोकं हिशोबाला लागलं होतं. गाडीवरून एक माणूस उतरलाच पाहिजे. आक्काला गुडघ्यांमुळे पायी चढवत नाही. म्हणजे उतरायचं त्याने. म्हणजे गाडी चालवायची... त्याची नजर चतुराबाईवर जाऊन थांबली.

“मी?” चतुराबाई म्हणाली. तिने उभ्या आयुष्यात सायकलचंही हँडल धरलं नव्हतं.

शिकवणी वस्तीमागच्या पडीक रानात झाली. रिक्षाचं एक बरं असतं: गिअर हातात, क्लच हातात, चालू करायचा दांडाही हाताने ओढायचा; पायाला काम फक्त ब्रेकचं. पहिल्या दिवशी चतुराबाईने बाभळीच्या कुंपणाला दोनदा भेट दिली. पुंडलिक बाजूने पळत ओरडायचा, क्लच सोड, क्लच सोड, आणि ती शांतपणे म्हणायची, ओरडू नको, बुजंल ती. गाडी बुजत नाही हे त्याने तिला सांगून बघितलं. पण तिने आपली पद्धत सोडली नाही. वळताना ती वळायच्या बाजूला ‘हिकडं, हिकडं’ म्हणायची, चढाला जीभ टाळ्याला लावून ‘टक् टक्’ करायची, आणि थांबवल्यावर टाकीवर थाप मारायची. इंजिनाचा सूर बदलला की तिला गिअर बदलावासा वाटायचा, आणि तो नेमका त्याच वेळी बदलायचा असायचा. पुंडलिकने हळूहळू ओरडणं बंद केलं.

चंपाषष्ठीच्या सकाळी विश्वजीत रातपाळी करून, न झोपता, थेट मोटारसायकलवर वस्तीवर आला. व्यापारी त्याच्या आधी येऊन बाजेवर चहा पीत बसला होता. देवाला वांग्याचं भरीत आणि रोडगा दाखवून झाला. मग चतुराबाईने पदर खोचला आणि ती हँडलमागे जाऊन बसली. विश्वजीतला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याने आधी आईकडे बघितलं, मग मामाकडे, आणि त्याचा चेहराच उतरला.

“मामा, तुम्ही चालवणार होता ना?”

“मी जड हाये,” पुंडलिक म्हणाला आणि काठी घेऊन कळपाच्या मागे जाऊन उभा राहिला.

घोडचढ सुरू झाला. गाडी पुढे, मागे मेंढ्यांचा लोंढा, त्यामागे कुत्रा आणि सगळ्यात शेवटी धुळीत पुंडलिक. त्याला गाडी दिसतच नव्हती. फक्त इंजिनाचा आवाज येत होता. त्या आवाजाकडे कान लावून तो चालत होता, आणि त्याला धाप अशी लागली होती, की स्वतःचा श्वास कुठला आणि इंजिनाचा कुठला ते कळू नये. शेवटच्या वळणाशी आवाज खाली आला. आणखी खाली आला. ‘पहिला टाक आक्का, पहिला टाक,’ असं त्याला ओरडायचं होतं, पण छातीत तेवढी हवाच नव्हती. त्याने देवाचं नाव घेतलं. एक क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग कडक् असा गिअरचा आवाज झाला, इंजिनाने सूर पकडला, आणि तो सूर सावकाश, न थांबता, वर वर जात राहिला.

पुंडलिक पठारावर पोचला तेव्हा डबा उघडलेला होता. कोकरं उड्या मारून खाली उतरली होती आणि मेंढ्या आपापलं पिल्लू हुंगून ओळखत होत्या. विश्वजीत दुसऱ्या पायवाटेने धावत वर आलेला होता आणि आईसमोर धापा टाकत उभा होता. चतुराबाईचा चेहरा असा फुलला होता, की पुंडलिकला तिची लग्नाआधीची मुद्रा आठवली.

“आई, उतारावर बिरेक दाबता येतो ना?” विश्वजीतने विचारलं.

“येतो.”

त्याने खिशातून फोन काढला, खाली बसलेल्या व्यापाऱ्याला लावला आणि मेंढरं देणार नसल्याचं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीबाही बोलणं आलं. विश्वजीत ऐकत राहिला, मग माफ करा म्हणाला आणि फोन ठेवून तिथेच गवतावर आडवा झाला. जरा वेळाने बघतात तर तो गाढ झोपला होता.

पुंडलिक एका दगडावर बसला. शर्टाला मेंढरांचा वास लागला होता, घामाने अंग चिकचिकत होतं. ज्या चालण्याला विटून तो एवढ्या लांब गेला होता, ते चालून तो आत्ता वर आला होता. आणि खोटं कशाला बोला, त्याला फार छान वाटत होतं. चतुराबाईने कॅनमधलं पाणी लोट्यात ओतून त्याला दिलं. तो पीत असताना ती शेजारी उभी राहिली.

“उद्या उजाडता ये,” ती म्हणाली. “ऊन झालं की मेंढरं चालत नाय.”

तेव्हापासून छावणीतलं गॅरेज दुपारी उघडतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात, फौजी मेंढ्यांकडे गेलेत, असं टपरीवाला त्यांना सांगतो. संध्याने आधी कपाळाला हात लावला, मग त्याच्या पँट कमरेत आत घ्यायला शिंप्याकडे टाकल्या. मेंढ्या व्यायच्या थांबल्या, कोकरं मोठी होऊन स्वतःच्या पायांनी चढायला लागली, तरी पुंडलिकचं जाणं थांबलं नाही.

परवा परवा तो चितेगावला रामहरीकडे मुद्दाम थांबला. काट्यावर उभा राहिला, लाल आकडा बघितला आणि खुशीत वस्तीवर आला. म्हणाला, आक्का, आता मी हलका झालोय, रामहरीला विचार. आज गाडी मी चालवतो, तू डब्यात आरामात बस. चतुराबाई हँडलमागून हलली नाही. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अगदी वाड्याच्या तोंडाशी उभी राहून एखाद्या मेंढराला न्याहाळावं तसं.

“नगं,” ती म्हणाली. “तू मागं असलास की मला वळून बघावं लागत नाय.”

पुंडलिकने दांडा ओढून तिला गाडी चालू करून दिली आणि काठी घेऊन कळपाच्या मागे गेला.